आकडा कळपाचा असतो



आपल्याकडे गिनिपिग म्हटलं की प्रयोगशाळेतला पिंजरा आठवतो. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोरच्या डोंगराळ भागात मात्र तो स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला वाढतो आणि सणावाराला ताटात येतो. तिथे त्याला ‘कुय’ म्हणतात. आज त्याच्याविषयी बोलायचं कारण असं की, ज्या आनुवंशिकतेच्या आकड्यावर पशुपैदाशीच्या क्षेत्रातले आपण सगळे पोट भरतो, त्याची मांडणी मुळात याच प्राण्यावर झाली.

अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९०६ पासून गिनिपिगची भावाबहिणींच्या प्रजननातून आलेली कुळं राखली होती. १९१५ साली आनुवंशशास्त्रज्ञ स्यूअल राइट तिथे रुजू झाले. अंगावरच्या पांढऱ्या डागांमधला फरक किती रक्तातून येतो आणि किती इतर कारणांनी, हे त्यांनी १९२० साली मांडलं. मुक्त पैदाशीच्या कळपात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ४२ टक्के निघाला. अंतःप्रजननाच्या एका कुळात जेमतेम ३. प्राणी तोच, डागही तेच! म्हणजे आकडा गुणाचा नसतो, कळपाचा असतो. आपल्या प्रकल्प-अहवालांत मात्र तो कुठल्यातरी पुस्तकातून उचललेला असतो, आणि शेळी उस्मानाबादी असो की संगमनेरी, दशांशचिन्हासकट तसाच राहतो.

वाढीच्या गुणांत तर फसगत सोपी. कुयचा गाभणकाळ सुमारे ६८ दिवसांचा. पिल्लू डोळे उघडे ठेवून, अंगभर केस घेऊनच जन्मतं आणि लगेच गवत कुरतडू लागतं. वेतात दोन पिल्लं असली तर ती दणकट, चार असली तर किरकोळ. सख्ख्या भावंडांवरून गणित केलं, तर आईच्या पोटातली जागा आणि दूध हे सगळं आनुवंशिकतेच्या खात्यात जमा होतं. म्हणून एका नराची वेगवेगळ्या माद्यांपासून झालेली पिल्लं हवीत. एका नरामागे सात-आठ माद्या ठेवण्याची तिथली पद्धत या कामी येते. वजन सकाळी, लसूणघास टाकायच्या आधी घ्यावं; भरल्या पोटाचा कुय तराजूला हमखास चकवतो.

आता समजा, कळपाची सरासरी ७०० ग्रॅम आहे आणि निवडलेल्या नर-माद्यांची ८००. आनुवंशिकता ०.३ असेल तर पुढची पिढी ३० ग्रॅमनं वाढेल, ०.१ असेल तर १० ग्रॅमनं. उसना आकडा घेणाऱ्याचं नुकसान इथेच होतं.

पेरूत ला मोलिना इथल्या शास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गावठी कुय गोळा करून निवड सुरू केली. ‘पेरू’ ही जात वजनावर घडवली, ‘आंदिना’ वेतातल्या पिल्लांच्या संख्येवर. दोन्ही गुण एकाच कळपात ओढत बसले नाहीत, हा शहाणपणा मला फार मोलाचा वाटतो.

गावात मात्र उलटी निवड चालते. पाहुणा आला की सगळ्यात मोठा कुय कापायचा, उरलेल्या बारक्यांकडून वंश वाढवायचा. हसू नका. बकरी ईदच्या बाजारात आपला सर्वांत झपाट्यानं वाढलेला बोकड जातो आणि गावातल्या शेळ्यांना मागे राहिलेला लागतो. त्या शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला त्या दिवशी भाव मिळतो. असा बोकड पैदाशीसाठी दोन वर्षं राखणाऱ्याला बाजारभावाइतका मोबदला मिळावा, असा ठराव मी उद्याच्या सभेत मांडणार आहे.

आणि दुपारच्या सत्रातल्या तरुण संशोधकांना आत्ताच सांगून ठेवतो: ज्या निबंधात बापाचा बिल्ला क्रमांक आणि वेतातल्या पिल्लांची संख्या नोंदलेली नसेल, त्यावर पहिला प्रश्न अध्यक्षांचा असेल.