दिव्याखालचा अंधार

(खोपोली येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या खोपोलीस टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी येथे उतरले आणि मुंबईच्या गिरण्यांना विजेचे बळ मिळाले. परंतु भोवतालच्या वाड्यांत पुढे कितीतरी वर्षे चिमणीच जळत राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आज एक नवा दिवा लागला आहे. त्याच्याखाली तरी अंधार राहू नये, एवढ्यासाठीच आम्ही आपला थोडा वेळ घेत आहोत.

कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द आता सर्वांच्या कानी आहे. आरोग्याच्या कामी तिचा उपयोग काय, हे क्षयरोगाच्या उदाहरणाने पाहू. हाती वाहून नेता येईल एवढे लहान क्ष-किरण यंत्र आता निघाले आहे. त्याने छातीचे चित्र घ्यावे, आणि असंख्य चित्रे दाखवून शिकविलेल्या संगणकाने थोड्याच वेळात सांगावे की, येथे क्षयाचा संशय आहे. २०१६ साली मुंबईत स्थापन झालेल्या क्यूर.एआय या कंपनीने असे साधन सिद्ध केले. १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या तपासणीसाठी अशा साधनांचा वापर करण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली केली. क्ष-किरणतज्ज्ञ जेथे नाही, तेथे ही मोठीच सोय होय. मात्र यंत्र सांगते तो संशय. निदान थुंकीच्या तपासणीने व डॉक्टरांच्या निर्णयानेच व्हावयाचे. तसेच २०१९ साली सुरू झालेल्या ई-संजीवनी योजनेमुळे आरोग्यकेंद्रात बसून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला विनामूल्य मिळतो.

मग अडते कोठे? स्पष्ट बोलावयाचे तर, आपल्या उंबरठ्याशी. आमच्या धाकट्या काकू वर्षभर खोकत होत्या. मुलीचे लग्न ठरावयाचे होते. म्हणून पाहुण्यांस 'दमा आहे' असे सांगितले गेले. वर्गात आरोग्याचे धडे देणारे आम्ही घरी मात्र गप्प बसलो. लग्न थाटात झाले. नातवंड पाहावयास काकू राहिल्या नाहीत. ही लपवाछपवी कोणते यंत्र दूर करील?

म्हणून आमची तीन मागणी आहेत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास सरकारी दवाखाना गाठावा. तेथे औषध विनामूल्य मिळते, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी दरमहा १००० रुपये देण्याची योजना आहे. दुसरे, आपल्या तरुणांनी वडीलधाऱ्यांस ई-संजीवनीचा लाभ मिळवून द्यावा, आणि ही सेवा ज्ञातीपुरती न ठेवता खालापूर-कर्जतच्या ठाकूर-कातकरी वाड्यांपर्यंत न्यावी. तिसरे, क्षयातून बरे झालेल्या मुलामुलीस मंडळाच्या वधूवर-सूचीत कमी लेखू नये.

विजेस वाड्यांपर्यंत जावयास तारा हव्या होत्या. या नव्या विद्येस माणसे हवीत. ती आपल्या घराघरांतून निघोत, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.