वाघ्या आणि आमची परसबाग

आम्ही मुरुडच्या बचत गटातल्या दहा जणी. आमच्यातल्या एका मावशींच्या घरामागं पडीक जागा होती. तिथं आम्ही मिळून परसबाग केली. गोल वाफे आखले, कुंपणावर दोडका, वाल चढवले. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणीच वाफ्यांना घालतो. पहिली भेंडी तोडली, तेव्हा मूठ-मूठच वाट्याला आली. पण त्या दिवशी प्रत्येकीच्या घरी तिचंच कौतुक!

या बागेचा राखणदार मावशींचा कुत्रा, वाघ्या. डुकरं, शेळ्या आत फिरकत नसत. खोड एकच. उन्हाळ्यात कोथिंबिरीच्या ओल्या वाफ्यात खळगा करून पसरायचा. आम्ही ओरडायचो, तो शेपटी हलवायचा.

मग घुशी लागल्या. मुळा, वांगी पोखरू लागल्या. बैठकीत ठरलं, औषध घालायचं. उंदीर मारायची काळी पूड पिठात मळून गोळ्या बिळांच्या तोंडाशी ठेवल्या. वाघ्या मोकळा आहे, हे एकीच्याही ध्यानात आलं नाही.

सकाळी तो पाण्याच्या टाकीजवळ ओकत पडलेला. गाडी मिळेपर्यंत गेला. डॉक्टर म्हणाले, त्या पुडीतलं झिंक फॉस्फाईड पोटात गेलं की विषारी वायू तयार होतो. त्याला नेमका उतारा नाही.

मावशींनी कुणाला बोल लावला नाही. आठ दिवस बागेत मात्र आल्या नाहीत. कुणी म्हणालं, “कुत्रंच तर होतं.” बायांनो, आपल्या खंडोबाच्या तसबिरीतही कुत्रं असतं. मुक्या जिवाचा जीव जिवासारखाच असतो. आणि खरं सांगू? त्याच वाफ्यांतनं आमची लेकरं खेळतात. गोळी त्यांच्या हाती लागली असती तर?

आता आम्ही पिंजरा लावतो, आत भाकरीचा तुकडा ठेवतो. बिळं खणून बुजवतो. विष वापरायचंच असेल, तर बिळात खोल घालून तोंड बंद करा. हात साबणानं धुवा. मेलेली घूस पुरून टाका. उरलेली पुडी कुलपात ठेवा. जनावरानं खाल्लंच, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. पुडी सोबत घेऊन लगेच जनावरांचा दवाखाना गाठा.

मावशी आता बागेत येतात. दोडके भरपूर लागलेत. कोथिंबिरीच्या वाफ्यातला तो खळगा तेवढा तसाच आहे. त्यांनी तिथं काही पेरू दिलं नाही, आम्हीही आग्रह केला नाही.

रेडिओ बंद केलात, की एकदा उठून बघा, तुमच्या घरात ती पुडी कुठं ठेवलीय.