शेतकऱ्यांनी जाळलेला कागद
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इतिहास साधनांवर उभा राहतो, हे महाराष्ट्राला इतिहासाचार्य राजवाड्यांनी शिकविले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. पुढे गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरची रुमाले सोडवून त्यांनी जे गोळा केले, त्याचे मोल कोणी नाकारणार नाही. परंतु एक साधा प्रश्न विचारावयास हवा: कागद कोणाच्या माळ्यावर असतो? ज्याला वतन, इनाम वा निवाडा उद्या कोणापुढे तरी सिद्ध करावयाचा आहे, त्याच्या. ज्याच्यापाशी सिद्ध करण्यासारखे काहीच नाही, त्याच्या घरी कागद नसतो. त्याच्याविषयीचा कागद असतो, पण तो दुसऱ्याच्या पेटीत असतो.

१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांकडे या दृष्टीने पाहिले तर साधनांचा प्रश्न केवळ पंडितांचा राहत नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी वह्या आणि कर्जरोखे मागितले व हाती आले ते जाळले. धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरांना आगी लागल्या. लोण नगर जिल्ह्यात पसरले. तिसांहून अधिक गावांत असे प्रकार घडले. ९५१ माणसे पकडली गेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांना शिक्षा झाल्या.

या घटनेची हकीकत अभ्यासकाला प्रथम मिळते ती सरकारी कागदांतून. दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. त्यास जोडलेली परिशिष्टे म्हणजे माहितीची खाणच: अधिकाऱ्यांची पत्रे, साक्षी, साऱ्याची कोष्टके, भावांचे आकडे. एवढी सामग्री एका जागी दुसरीकडे मिळणे कठीण. परंतु या आयोगापुढे एक प्रश्न मुद्दाम ठेवलेला होता: सरकारचा सारा या असंतोषाला कारण झाला काय? निष्कर्ष असा निघाला की दोष सावकाराचा, साऱ्याचा नव्हे. आरोपीनेच तपास करावा आणि स्वतःला निर्दोष सोडावे, यात नवल ते काय! तरीही अहवाल फेकून देणे हा अभ्यासकाचा धर्म नव्हे. निष्कर्ष सरकारचा असला तरी कोष्टके सरकारवरच उलटतात. इंदापूर तालुक्यातील पहिल्या तीस वर्षांच्या बंदोबस्ताची मुदत १८६७ च्या सुमारास संपली आणि फेरआकारणीत कित्येक गावांचा सारा पन्नास टक्क्यांहून अधिक चढला, ही माहिती त्याच कागदांत आहे. आयोगाचे एक सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी तर आपल्या स्वतंत्र टिपणात साऱ्याच्या वाढीवरच बोट ठेवले.

याच काळाचे दुसरे साधन म्हणजे बाजाराचे आकडे. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६१ ला सुरू झाले, तेथील कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानची आठवण झाली. मुंबईत कापसाचे भाव भडकले. निर्यातदाराने शहरी सावकाराला पैसा दिला, त्याने खेड्यातल्याला दिला आणि शेवटी तो उधारीच्या रूपाने शेतकऱ्याच्या दारी आला. १८६५ ला युद्ध संपले, भाव कोसळले आणि उधारी बंद झाली. चढ्या भावाच्या दिवसांत ठरू लागलेला सारा मात्र पडत्या भावातही वसूल होत राहिला. येथे एक सावधगिरी हवी. सुप्याच्या बाजूचा अवर्षणग्रस्त मुलूख हा काही कापसाचे आगर नव्हे. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ साली या दंग्यांचे महत्त्व फुगविले गेले आहे असा आक्षेप घेतला, त्यातील हा भाग नीट ऐकून घेण्यासारखा आहे. मँचेस्टरपासून सुप्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली की मांडणी सुबक दिसते, पण मधल्या पतपुरवठ्याच्या कड्या तपासल्याशिवाय तिला पुरावा म्हणता येत नाही. चळवळीच्या व्याख्यानांत अशा रेघा फार ओढल्या जातात.

शेतकऱ्याचा स्वतःचा आवाज कोठे आहे? कर्जत तालुक्यातील मिरजगावच्या रयतेने नगरच्या कलेक्टराकडे केलेला एक अर्ज आयोगाच्या कागदांत आहे. घरखर्च भागत नाही, म्हणून सावकाराकडे पैसा, कापड व धान्य मागावे लागते आणि ते जाचक अटींवर मिळते. रोखीच्या गिऱ्हाइकाला जे कापड मिळते, तेच रयतेला शेकडा २५ ते ५० जादा दराने विकले जाते, अशी तक्रार त्यात आहे. हा आवाज शेतकऱ्याचा खरा, पण तो अर्ज लिहिणाऱ्या कारकुनाच्या लेखणीतून आणि नंतर इंग्रजी तर्जुम्यातून आलेला. दोन चाळण्यांतून गाळूनही जो आकडा उरला, त्याचे वजन त्यामुळेच अधिक मानावे लागते.

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये शेतकऱ्याचे घर, भांडीकुंडी, खाणेपिणे यांचे जे तपशील आहेत, ते कोणत्याही सरकारी कोष्टकात सापडत नाहीत. पुणे सार्वजनिक सभेने १८७३ साली रयतेच्या स्थितीची केलेली पाहणीही महत्त्वाची आहे, आणि सारावाढीवर तिने केलेली टीका आयोगाच्या आधीची आहे. पण फुल्यांचा रोख साऱ्याबरोबरच कचेरीतील भटकारकुनावर आहे, तर सभेचा रोख मुख्यतः सरकारवर. खेड्यातील सत्ता कोणाच्या हाती, याविषयी दोन्ही साधने एकच साक्ष देत नाहीत. ती शेजारी ठेवून वाचली तरच चित्र उभे राहते. बायका तर या सर्व कागदांत जवळजवळ नाहीतच. जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर व गी पॉयतवँ यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक संख्येने संकलित झाल्या, ते काम एका शतकानंतरचे. ओवीला साल नसते, म्हणून १८७५ चा पुरावा म्हणून ती वापरता येत नाही. दळण, माहेर, सासर आणि घरातली ओढ यांची भाषा समजावून घेण्यास मात्र तिच्यावाचून दुसरे साधन नाही.

आता जे साधन उरलेलेच नाही, त्याकडे वळू या. दंगेखोरांनी नेमके काय केले? सावकाराने रोखे निमूटपणे हाती दिले, तेथे बहुधा पुढे काही झाले नाही. अंगावर हात टाकण्याचे प्रकार फार थोडे घडले. मारवाडी व गुजर सावकारच बहुतेक लक्ष्य झाले. ज्या गावांत ब्राह्मण वा इतर जातींचे सावकारही होते, तेथे त्यांना कोणी हात लावला नाही, हेही आयोगानेच नोंदविले आहे. म्हणजे शेतकऱ्याचा राग कर्जाच्या व्यवहारावर होता तितकाच परक्यावरही होता. शुद्ध वर्गसंघर्षाचे चित्र हवे असणाऱ्याला हे गैरसोयीचे आहे, पण लपविण्याचे कारण नाही. विलायतेहून राणीचा हुकूम आला आहे, रोखे काढून घ्या, अशी अफवाही पसरली होती. अफवा खोटी असते, तरी लोकांना न्याय कोणाकडून अपेक्षित होता याचे ते खरे साधन असते.

आणि आग लागली ती कागदाला. याचे कारण १८५९ च्या मुदतीच्या कायद्यात आहे. रोख्याची मुदत तीन वर्षांची ठरली. हेतू असा की व्याज साचू नये. घडले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई, त्यात जुने मुद्दल व थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल होई, त्यावर पुन्हा व्याज. फेडीची पावती बहुधा मिळत नसे. अंगठा उठविणाऱ्याला वर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते, आणि न्यायालयात तोच कागद पुरावा ठरत होता. शेतकऱ्याने जाळला तो असा पुरावा. इतिहासकाराचे एक साधन नष्ट झाले हे खरे, पण जाळण्याच्या कृतीतून त्या साधनाची जी परीक्षा झाली, ती एखाद्या विद्वानाने केलेल्या परीक्षेहून कमी प्रतीची नव्हती.

सरकारलाही ते अखेर अंशतः मान्य करावे लागले. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांत न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळापासूनचा हिशेब तपासण्याची मुभा दिली. रोखा काय म्हणतो यावर न थांबता तो कसा, कोणी, कोणाकडून लिहून घेतला, हे पाहावे असे कायद्यानेच सांगितले. साधनांच्या चिकित्सेचा हा धडा विद्यापीठांतून नव्हे, सुप्याच्या आगीतून आला.

कार्यकर्त्याने हे लक्षात घ्यावयाचे, कारण कागदाचा प्रश्न मिटलेला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १९९५ पासून शेतकऱ्यांच्या आत्महत्या वेगळ्या मोजू लागला आणि २०१४ च्या आकड्यांपासून शेतकरी व शेतमजूर असे दोन रकाने झाले. कोणता मृत्यू कोणत्या रकान्यात जावा, हे पोलीस ठाण्यातील नोंदीवर ठरते. सातबारावर नाव नसलेली, आयुष्यभर शेत कसणारी बाई त्या नोंदीत बहुधा गृहिणी होते. महाराष्ट्रात २००६ च्या शासन निर्णयाने मृताच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरविली. त्यासाठी जमीन कुटुंबाच्या नावे हवी आणि कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे हवे. कूळ म्हणून तोंडी कराराने जमीन कसणारा आणि विनापरवाना सावकाराकडून हातउसने घेणारा यांच्यापाशी असा कागद नसतो. जिल्हा समिती प्रकरण तपासते आणि नावापुढे एक शब्द लिहिते: पात्र किंवा अपात्र. शंभर वर्षांनी या काळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याच्या हाती ही यादी पडेल. अपात्र ठरलेल्या घरांची कर्जाची हकीकत, तोंडी करार, दुकानदाराची उधारी, बाईने सांगितलेला हिशेब, हे सारे आज गावात जाऊन, तारीख-वार घालून लिहून ठेवणारे माणूस तालुक्यागणिक एक तरी असावयास हवे.