बीएमआय नॉर्मल, पण पोटाचं काय?

डोंबिवलीला लोकल पकडलीत? ठाणं यायच्या आत एक गोष्ट सांगतो.

माझा बीएमआय २२. ॲप म्हणालं 'नॉर्मल', मी खूश. पण शुगर निघाली बॉर्डरवर!

असं कसं? २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांचा फोटो आला होता: पुण्याच्या केईएमचे चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२!

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. त्यात चरबी किती, स्नायू किती, ते कळतच नाही.

म्हणून आज टेपने कंबर मोजा. पुरुषांची ९०, बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर बीएमआय काहीही असो, डॉक्टरांना भेटा, शुगर तपासा.

चला, ठाणं आलं!