खापर फेसबुकच्या माथी का?



संमेलनाच्या अध्यक्षानं गोड बोलावं असा रिवाज आहे. तो मी आज मोडणार आहे. सकाळच्या परिसंवादात एकच रडगाणं ऐकलं, की फेसबुकनं मराठी ब्लॉग मारला. साफ चूक! ब्लॉग आपण मारला आणि खापर फेसबुकच्या माथी फोडलं.

युनिकोड रुळला, बरहा-गमभनसारखी मराठी टंकनाची साधनं हाताशी आली आणि ज्यांना संपादकांकडून ‘साभार परत’खेरीज काही मिळालं नव्हतं, ती माणसं लिहू लागली. नोकरीतले अपमान, गडावरच्या वाटा, परदेशातलं एकटेपण. साठच्या दशकातल्या अनियतकालिकांनी सायक्लोस्टाइलवर जे केलं, ते यांनी कीबोर्डवर केलं. त्या अनियतकालिकांवर आज चर्चासत्रं भरवणाऱ्या आमच्या साहित्यसंस्थांनी मात्र ब्लॉगकडे पाहून नाकं मुरडली. छापलं नाही ते साहित्य नाही, हा आमचा सोवळेपणा!

पण लिहिणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. २००९मध्ये फेसबुकवर ‘लाइक’चं बटण आलं. २०१३च्या जुलैत गूगलनं ‘रीडर’ बंद केलं आणि आवडत्या ब्लॉगांच्या नव्या नोंदी एका जागी वाचण्याची सोय गेली. वाचक पांगले, हे खरं. पण आपण काय केलं? हजार शब्दांचा लेख आठ ओळींवर आणला आणि दर पाच मिनिटांनी अंगठे मोजत बसलो.

एखादा बंद पडलेला ब्लॉग उघडून बघा. शेवटच्या नोंदीत लेखकाचं आश्वासन असतं, ‘बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आता नियमित लिहीन.’ खाली कुणीतरी विचारलेलं असतं, ‘पुढचा भाग कधी?’ त्याला उत्तर नसतं. वाचकच उरला नाही म्हणता, मग हा कोण होता? लेखक तेव्हा फेसबुकवर टाळ्या गोळा करत होता. त्या टाळ्या मिळवणारी तीन वर्षांपूर्वीची पोस्ट आज चटकन शोधून दाखवा बरं!

ठराव मी मांडत नाही. संमेलनांतल्या ठरावांचं काय होतं, ते सगळे जाणतात. संस्थांकडे माझी एकच मागणी आहे: पुरस्कारांच्या नियमांतली छापील पुस्तकाची अट काढा. आणि लेखकहो, फेसबुकवर खुशाल जा, पण आधी ब्लॉगवर लिहा आणि मग फेसबुकवर त्याचा दुवा द्या. मात्र ब्लॉगवरही विसंबू नका: ब्लॉगर ही ब्लॉगसेवाही गूगलच्याच मालकीची आहे. याहूनं २००९मध्ये जिओसिटीज ही संकेतस्थळांची सेवा बंद केली, तेव्हा लोकांनी हौसेनं उभारलेली असंख्य पानं गेली. म्हणून मजकुराची प्रत स्वतःजवळ ठेवा. अर्धवट सोडलेला भाग आधी पुरा करा आणि मगच फेसबुकला शिव्या द्या.