ताप लपवावा लागू नये



साथीच्या काळात महाविद्यालय निरोगी कसं ठेवायचं, असं विचारलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे फाटक येतं. फाटकाशी टेबल, टेबलावर सॅनिटायझरची बाटली आणि नोंदवही, आणि येणाऱ्याच्या कपाळावर तापमापकाची बंदूक रोखणारे वॉचमनकाका. १५ फेब्रुवारी २०२१ ला महाराष्ट्रातली महाविद्यालयं निम्म्या उपस्थितीनं उघडली, तेव्हा हे चित्र गावोगाव दिसलं. पण कोरोना त्या बंदुकीला फारसा सापडत नव्हता. लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस इतरांना संसर्ग देऊ शकतो, आणि विशीतल्या कित्येकांना तर ताप येतच नाही. ज्याला येतो तो पॅरासिटामॉलची गोळी घेऊन फाटकातून सरळ आत जातो.

म्हणून मला बोलायचंय ते फाटकाच्या आतल्या जागांबद्दल, मुख्यतः होस्टेल आणि मेसबद्दल.

डिसेंबर २०२० मधली चेन्नईच्या आयआयटीतली गोष्ट आठवून पाहा. होस्टेलमध्ये तेव्हा नेहमीच्या मानानं फारच थोडे विद्यार्थी होते. देशातली नावाजलेली संस्था, साधनांची वाण नाही. तरी काही दिवसांत शंभराहून अधिक जण बाधित निघाले. बोट दाखवलं गेलं ते मेसकडे. विद्यार्थी कमी म्हणून सगळ्यांसाठी एकच मेस चालू ठेवली होती. पुढे जेवणाचे डबे खोल्यांवर पोचवायला सुरुवात झाली. मेसमध्ये काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. दिवसभर नाकावर असलेला मास्क तिथंच खाली येतो. समोरासमोर बाकं, भांड्यांचा आवाज, त्यावर मोठ्यानं मारलेल्या गप्पा, आणि पोळी गरम मिळावी म्हणून एकाच वेळी झालेली गर्दी. खर्च न करता करण्याजोगी पहिली गोष्ट इथंच आहे. मजल्यांप्रमाणे जेवणाच्या वेळा वाटून द्याव्यात, आणि ऊन-पाऊस नसेल तेव्हा पंगत व्हरांड्यात बसवावी.

हवेचंही तसंच. विषाणू हवेतून पसरतो हे कळल्यावरही आपण बाकं पुसत राहिलो, आणि प्रोजेक्टरवर उजेड येतो म्हणून खिडक्या मात्र बंद ठेवल्या. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत साधारण ४२० भाग असतो. भरलेल्या वर्गात तो हजाराच्या पुढे गेला, तर एकानं सोडलेला श्वास दुसरा घेतोय असं खुशाल समजावं. हे मोजणारं छोटं यंत्र मिळतं. फिजिक्सच्या मुलांनी एका आठवड्यात सगळ्या वर्गांची मोजणी करून कुठली खिडकी अडकलीय ते प्राचार्यांना सांगावं. अभ्यासक्रमातल्या कुठल्याही प्रॅक्टिकलइतकंच ते मोलाचं ठरेल.

आता खरा अवघड भाग. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन इथल्या संकुलानं २०२० च्या ऑगस्टमध्ये फार मोठी तयारी केली. त्यांच्याच शास्त्रज्ञांनी थुंकीवरची चाचणी तयार केली, पशुवैद्यक विभागातल्या प्रयोगशाळेत दिवसाला हजारो नमुने तपासले, आणि प्रत्येकाची आठवड्यातून दोनदा तपासणी ठेवली. तरी सुरुवातीच्या आठवड्यांत रुग्ण झपाट्यानं वाढले, कारण आपण बाधित आहोत हे कळल्यावरही काही जण पार्ट्यांना गेले. मग कडक कारवाई झाली आणि आकडे उतरले. जाणूनबुजून दुसऱ्याला धोक्यात घालणाऱ्यावर कारवाई हवीच. पण आपल्याकडे पुष्कळदा शिक्षा होते ती ताप आलाय असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला.

एका खोलीत तिघी-चौघी राहतात. त्यांतल्या एकीला रात्री कणकण वाटते. परवा प्रॅक्टिकल आहे, जर्नलवर सही व्हायचीय, हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या काठावर आहे. रेक्टर मॅडमना सांगितलं तर त्या घरी फोन करतील आणि बॅग भरायला लावतील. म्हणजे एसटीचा सात-आठ तासांचा प्रवास, आणि पोचायचं कुठं, तर दोन खोल्यांच्या घरात, म्हाताऱ्या आजीजवळ. ती मुलगी गप्प बसते. तिला दोष देणं मला जमत नाही. अशा मुलीला घरी पाठवणं हा तर सगळ्यात वाईट उपाय, कारण एसटीतले प्रवासी आणि ती आजी कुणाच्याच हिशेबात नसतात.

त्याऐवजी तळमजल्यावरच्या दोन-तीन खोल्या, वेगळ्या बाथरूमसह, रिकाम्या ठेवाव्यात. मेसचा डबा दाराशी यावा. खोलीत ऑक्सिमीटर असावा आणि आकडा ९४ च्या खाली गेला तर कुठल्या दवाखान्यात, कुठल्या गाडीनं न्यायचं हे आधीच ठरलेलं असावं. डॉक्टरांचा रोज एक फोन यावा. खोलीतल्या मैत्रिणींचीही तपासणी व्हावी, त्यांना बोलणी न बसता. आणि सगळ्यात आधी प्राचार्यांच्या सहीचं परिपत्रक लागावं की आजारपणातले दिवस हजेरीत धरले जातील, प्रॅक्टिकल पुन्हा घेतलं जाईल, आणि कुणाचीही टर्म त्यापायी अडणार नाही.

हाच न्याय झाडलोट करणाऱ्या मावशींना, मेसमधल्या पोऱ्यांना, रात्रपाळीच्या वॉचमनना लागू व्हायला हवा. यांतले बरेच जण कंत्राटदाराकडून येतात आणि खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे कापले जातात. अंगात ताप असताना मावशी कामावर येतात ते त्या पैशांसाठी. वयानंही त्या विद्यार्थ्यांपेक्षा मोठ्या, म्हणजे धोका त्यांनाच अधिक. विद्यार्थ्यांच्या आरोग्याची समिती बसते, तिच्यात यांचं नाव क्वचितच निघतं, हे मला फार खटकतं. सफाई आणि मेसच्या पुढच्या कंत्राटात आजारपणाची पगारी रजा ही अट लिहून घ्यावी. महाविद्यालयांची कंत्राटं वेळोवेळी नवी होतातच, तेव्हा त्यासाठी साथीची वाट पाहायचंही कारण नाही.