बाटली आडवी करायची तर आधी कागद उभा करा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली सतरावी दारू न पिण्याची आहे. पंचशीलातले पाचवे शीलही तेच. दर रविवारी आपण ते हात जोडून म्हणतो आणि विहाराबाहेर पडलो की गल्लीच्या तोंडाशी देशी दारूचं दुकान दिसतं. हे दुकान तिथं आलं कसं, ते आज सांगायचं आहे. त्यात आमचीही चूक आहे.

आपल्या राज्यातला कायदा 1949 चा. नाव दारूबंदी कायदा, आणि दारू विकायचा परवानाही त्याच कायद्याखाली मिळतो! परवाना 31 मार्चला संपतो, 1 एप्रिलपासून नवा होतो. पण नियमांत आपल्यासारख्यांसाठीही काही लिहिलेलं आहे. महानगरपालिकेच्या हद्दीत शाळा किंवा धर्मस्थळापासून 75 मीटरच्या आत नवं दुकान देता येत नाही. हे अंतर सरळ रेषेत मोजत नाहीत. माणूस ज्या वाटेनं चालत जातो त्या वाटेनं, दुकानाच्या दारापासून विहाराच्या फाटकापर्यंत मोजतात.

दुकान येणार अशी कुणकुण लागली तेव्हा आम्ही पोरांना घेऊन फीत लावली. 52 मीटर भरले. आम्ही खुशीत अर्ज घेऊन कचेरीत गेलो. साहेबांनी अर्ज वाचला आणि एकच विचारलं, "विहाराचा नोंदणी क्रमांक काय?"

आम्ही गप्प. आमच्याकडे वर्गणीच्या वह्या होत्या, पायाभरणीचे फोटो होते, भन्तेजींच्या हस्ते मूर्ती बसवली त्याची पत्रिका होती. नोंदणी नव्हती. नियमातलं धर्मस्थळ म्हणजे 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेचं. आयाबायांनी घमेली उचलून बांधलेला विहार कागदावर नव्हताच. दुकान उघडलं. पुढं आम्ही धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी केली, पण दुकान आधीचं आणि नोंद नंतरची, म्हणून 75 मीटरचा नियम त्याला लागला नाही.

बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, ते पोरांच्या परीक्षेपुरतंच नव्हतं. आपल्या विहाराची फाईल वाचता येणं हेसुद्धा शिक्षणच.

आता पुढचा मार्ग. 25 मार्च 2008 च्या सरकारी आदेशाप्रमाणे वॉर्डातल्या एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी 25 टक्क्यांनी सह्या करून मागणी केली, तर पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतात. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, नुसत्या आलेल्या मतांच्या नव्हे. समजा यादीत 4,000 बाया आहेत. 1,000 सह्या पाहिजेत आणि आडव्या बाटलीला 2,000 च्या वर मतं. म्हणजे जी माऊली त्या दिवशी घरी बसली, तिचं मत न टाकताही दुकानाच्या कामी आलं. यादीत मेलेल्यांची आणि घर सोडून गेलेल्यांची नावं राहिली, तर तीही आपल्याच विरोधात मोजली जातात. म्हणून सह्यांच्या आधी मतदारयादी दुरुस्त करा.

आणि एक कडू बोलतो, राग मानू नका. त्या दुकानात बसतात ती माणसं परक्या वस्तीतली नाहीत. गिरणीच्या पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर पाकिटाची वाट बघणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. त्यांतल्या काही आज आजी होऊन इथं समोर बसल्या आहेत. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत झोकांड्या खाणारा पोरगा आपलाच असतो. परवाना सरकार देतं, पण गिऱ्हाईक आपण देतो. घरातली बाटली आडवी करायला कुठल्या मतदानाची गरज नाही.

घटनेच्या 47 व्या कलमात राज्यानं दारूबंदीसाठी झटावं असं लिहिलं आहे. राज्य झटेल तेव्हा झटेल, आपण सह्यांची वही येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात ठेवतो आहोत. येताना मतदार ओळखपत्र आणा, आणि शेजारणीला हाताला धरून आणा.

नमो बुद्धाय, जयभीम!